रेडिओ अडखळला

बाईंच्या वर्गात रोज एक खोटं वाक्य असायचं. ते कुठं दडलंय हे बाईंशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं, आणि ते सापडल्याशिवाय घरी जायचं नाही असा तिथला रिवाज होता. आता दार काही कुणी अडवत नव्हतं. सगळी मोठी माणसं, दिवसभर राबून आलेली, त्यांना कोण अडवणार? पण वाक्य न सापडता उठलं की ते जेवताना दाताखाली येतं, असं वर्गातला अँब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणायचा. म्हणून सगळे मुकाट बसून राहायचे आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

त्या वाक्याला वर्गात सगळे खडा म्हणायचे.

वर्ग भरायचा सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुनी वर्तमानपत्रं ठेवायच्या खोलीत. गठ्ठे भिंतीला लागून पार छतापर्यंत गेलेले, त्यामुळे खोलीला कायम शिळ्या बातम्यांचा वास. मधल्या जागेत तीन टेबलं. दाराजवळच्या टेबलावर इंग्रजी अक्षरांशी नुकतीच ओळख झालेली, शब्दावर बोट ठेवून वाचणारी मंडळी. पंख्याखालच्या टेबलावर वाक्य धडपणे वाचणारी, पण परिच्छेदाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरणारी. आणि खिडकीच्या टेबलावर पानभर मजकूर वाचून वर लेखकाशी वाद घालणारी. असल्या तीन तऱ्हांना तीन वेगळी पुस्तकं द्यावीत हा सरळ मार्ग झाला, आणि बाईंना सरळ मार्गाचं वावडं होतं. त्या तिन्ही टेबलांना एकच गोष्ट द्यायच्या. दाराशी चार ओळी आणि चित्रं, पंख्याखाली अर्धं पान, खिडकीशी अख्खं पान, त्यात माणसांच्या मनातले विचार आणि श्वास संपेल एवढाली वाक्यं. खडा मात्र तिन्हीकडे तोच.

एकदा गोष्ट अशी होती: एक बाई कामावर छत्री विसरते, पावसात चिंब भिजते, धावत घरी पोचते, दारात उभी राहून छत्री झटकते आणि आत जाते. चारच ओळी, पण दाराच्या टेबलावरची शिंपीण तिथं बराच वेळ बोट ठेवून बसली. मग तिचं बोट मागं गेलं, परत पुढं आलं. तिनं मान वर करून समोरच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, जणू तिथं ती भिजलेली बाई उभी होती, आणि ती हसायला लागली. थोड्या वेळानं पंख्याखालून कुणी हसलं, मग खिडकीतून. एकच हसू, पण खोलीत टेबलाटेबलानं फिरत गेलं.

बाईंचा सगळा जीव त्या वर झालेल्या मानेत होता. जन्मभर शिकवलं, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, पण ती मान वर होताना दिसली की बाई आजही जागच्या जागी थिजायच्या. कागदावर काय असतं? काळ्या रेघा, त्याही परक्या भाषेतल्या. आणि त्या रेघांतून एक ओली बाई उठून उभी राहते, तिच्या हातात छत्री नाही हे दिवसभर शर्ट शिवून आलेल्या दुसऱ्या बाईला दिसतं. हे होतं कसं, हे बाईंना अजूनही सांगता आलं नसतं. आपण फक्त कागद पुढं सरकवतो, पुढचं कोण करतं देव जाणे, असं त्या घरी अक्काला म्हणायच्या. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. दोघी एकमेकींच्या आधारानं आणि एकमेकींवर चिडचिड करत एकत्र राहायच्या.

खड्याची युक्ती मूळ बाईंच्या वडिलांची. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. झोपताना मुलींना गोष्ट सांगायचे आणि मधेच मुद्दाम काहीतरी चुकीचं घुसडायचे. राजाचा घोडा झाडावर चढून बसला, असलं काही. अक्का तोवर घोरत असायची. धाकटी ताडकन उठून म्हणायची, घोडा कसा चढेल? मग वडील म्हणायचे, म्हणजे जागी आहेस तर. बाईंनी ते शाळेत नेलं आणि तिथं त्यावरून बोलणीही खाल्ली. तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांचा धडा चाळला, त्यात मासा जिना उतरून बाजारात गेल्याचं वाचलं, आणि शिक्षिकेला सामान्यज्ञान कमी आहे असं हेडमास्तरांना सुनावलं. साहेब निदान जागे होते, एवढंच बाई मागाहून म्हणाल्या.

इतक्या वर्षांत बाईंच्या कानाला एक गोष्ट पक्की कळली होती. कच्चा असो की पक्का, मोठ्यानं वाचणाऱ्याचा आवाज खड्यापाशी अडखळतो. अर्थ लागत असेल तर अडखळतोच. त्याचं त्यालाही कळत नाही, पण सूर किंचित खाली येतो, श्वास चुकतो. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि कोण कुठवर पोचलाय ते नेमकं सांगायच्या.

अशा त्या वर्गात एक दिवस रेडिओ आला.

रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं त्याला बहुधा त्याची बायकोही हाक मारत नसावी. तो बस डेपोत होता. उमेदीची सगळी वर्षं तिथं माइकवर बसून लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या इंग्रजी घोषणा वाचलेल्या. गावातल्या गाड्यांच्या घोषणा आपल्या भाषेत, त्या दुसरं कुणी करायचं. लांबच्या गाड्यांना शिकलेली माणसं बसतात असं वरच्या साहेबांचं मत, म्हणून त्यांच्या घोषणा फक्त इंग्रजीत, आणि त्या याच्या. आवाज असा की बाकावर पेंगणारा माणूस सावरून बसावा. पुढं घोषणा यंत्रातून यायला लागल्या आणि रेडिओला चौकशीच्या खिडकीत बसवलं. आता डेपोत नवा फतवा निघाला होता: खिडकीवर तोच राहील जो इंग्रजी उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं देईल. बाकीच्यांची रवानगी मागच्या गोदामात. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, तुझं काय, तू बसल्या बसल्या पास होशील. तरी आपली जराशी उजळणी असावी म्हणून तो आला होता.

बाईंनी त्याच्या हातात खिडकीच्या टेबलावरचं अख्खं पान दिलं. त्यानं चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. खोलीत कुणी हललं नाही. खालच्या मजल्यावरचा ग्रंथपाल जिन्यात येऊन उभा राहिला. एकेक शब्द सोललेल्या फळासारखा स्वच्छ, स्वल्पविरामाला टेकणारा, पूर्णविरामाला थांबणारा. बाई भारावून गेल्या. इतकं सुरेख इंग्रजी त्या खोलीत यापूर्वी कुणी वाचलं नव्हतं, आणि त्यात बाई स्वतःही आल्या. त्यांनी त्याला तिथल्या तिथं खिडकीच्या टेबलावर बसवलं आणि त्या दिवसापासून गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे लागलं.

आता गंमत अशी, की खड्यापाशी रेडिओचा आवाज कधीच अडखळला नाही. बाईंच्या कानांनी ते पहिल्याच दिवशी टिपलं होतं. पण माणूस एकदा कुणावर भाळला की त्याच्या उणिवेचाही गुण करून टाकतो. हा कसलेला गडी, बाईंनी मनाशी ठरवलं, दुसऱ्यांची मजा जाऊ नये म्हणून खडा हळूच ओलांडून जातो. केवढी ही समज! एकदा तर त्यांनी सगळ्यांसमोर त्याचं तसं कौतुकही केलं. रेडिओनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं. खडा शोधायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नाही, कारण वाचणारा तोच होता.

घराच्या आसपासही त्याचा असाच दरारा. कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो रेडिओच्या दारात. तो कागद खणखणीत वाचायचा, घडी घालून परत द्यायचा आणि विचारायचा, "समजलं ना?" एवढ्या सुंदर वाचनानंतर नाही कोण म्हणणार? लोक हो म्हणायचे आणि घरी जाऊन आपसात अर्थ लावायचे.

एका संध्याकाळी मात्र भांडं फुटलं, तेही फार हळूच. गोष्ट एका म्हाताऱ्या नावाड्याची होती. वाचन झालं, सगळे खड्याच्या शोधाला लागले, आणि शिंपीण आपला कागद घेऊन खिडकीच्या टेबलाशी गेली. तिला एवढंच विचारायचं होतं, की तो नावाडी शेवटी या काठाला आला की त्या काठालाच राहिला. रेडिओनं तिचा कागद घेतला आणि ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, हो भाऊ, पण आला की राहिला? रेडिओनं तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी आणखी स्पष्ट आणि जरा मोठ्यानं. शिंपीण ओशाळून आपल्या जागेवर परतली. तिला वाटलं आपलंच डोकं कमी. पण पंख्याखाली उभ्या असलेल्या बाईंनी दोन्ही वेळा ऐकलं होतं: ओळ आली, उत्तर आलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला सगळं सांगितलं. इतके दिवस तो वाचतोय, इतका छान वाचतोय, आणि आता मला कसलीच खात्री वाटत नाही. अक्काला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिला बहीण कळत होती.

"तू त्याला ऐकत बसलीस," अक्का म्हणाली. "विचारलंस कधी काही?"

बाईंनी पिशवी उघडली आणि आतले जुने कागद चाळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी रेडिओला थांबवून घेतलं आणि दाराच्या टेबलावरचा छत्रीचा कागद त्याच्यापुढं ठेवला, चित्रं खालच्या बाजूला दुमडून. चार ओळी त्यानं झोकात वाचल्या. बाईंनी विचारलं, तिनं दारात काय झटकलं? त्यानं तिसरी ओळ पुन्हा वाचली. बाई म्हणाल्या, वाचू नका, नुसतं सांगा. रेडिओनं कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्याचा तो भारदस्त चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मला वाटायचं इंग्रजी असंच वाचायचं असतं," तो म्हणाला. "लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. मी आपली मधली तार."

मग त्यानं सगळं सांगितलं. तरुणपणी डेपोत हमाल म्हणून लागला. आवाज बघून जुन्या साहेबांनी त्याला माइकवर बसवलं आणि कोणत्या अक्षराला काय म्हणायचं, सूर कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, एवढं घोटून घेतलं. अर्थ विचारायची गरजच पडली नाही. गाडी, वेळ, फलाट असले शब्द कानावर पडून कळायचे. गाडीचं काहीतरी आहे एवढं समजायचं. येतेय, सुटतेय की येणारच नाही, ते नाही. आणि लोक वाहवा करायला लागल्यावर विचारणार कुणाला, आणि कोणत्या तोंडानं? आता परीक्षा आली होती. नापास झाला तरी पगार तोच राहणार होता, त्याची त्याला फिकीर नव्हती.

"खिडकीत माणसं येतात, बाई," तो म्हणाला. "गोदामात नुसते टायर."

आपण या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून बसवलं, हे बाईंना आत कुठंतरी फार लागलं. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, की अजून वेळ आहे, जमेल, पण खिडकीच्या टेबलावर बसून जमणार नाही. दाराशी बसावं लागेल. चित्रांपासून.

त्यानंतर रेडिओ यायचाच बंद झाला. वर्गात ड्रायव्हर वाचू लागला, अडखळत, धक्के खात, त्याची अँब्युलन्स खड्ड्यांतून जावी तसा. सगळे रेडिओकाका कुठंयत म्हणून विचारत. बाई कानांवर हात ठेवत आणि रोज दाराच्या टेबलावर एक कागद जास्तीचा ठेवत. वर्ग सुटला की तो तसाच उचलून आणत. माणसाला शहाणं करायला गेले आणि उठवूनच लावलं, असं त्यांनी अक्काला बोलूनही दाखवलं.

मग एक दिवस वर्ग सुरू होऊन गेल्यावर दार उघडलं. रेडिओ आत आला, खिडकीच्या टेबलाकडे एकदा पाहिलं आणि दाराच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. ड्रायव्हरच्या तोंडावर काहीतरी थट्टा आली होती, ती त्यानं गिळून टाकली. शिंपिणीनं आपली कात्रीची पिशवी बाजूला सरकवून जागा केली.

"या भाऊ," ती म्हणाली. "पण इथं चित्रं असतात, आधीच सांगून ठेवते."

बाईंनी त्याला एकच नियम घातला: तोंडातून आवाज काढायचा नाही. वाचायचं ते डोळ्यांनी. ऐकायला हे सोपं वाटतं, पण त्या माणसाचे ओठ जन्मभर इंग्रजी अक्षर दिसलं की आपोआप चालत आलेले. त्यानं ओठ दाबून पाहिले, तोंडावर हात धरून पाहिला, तरी कुठून तरी घोषणा निसटायचीच. शेवटी शिंपिणीनं पिशवीतून कोटाचं एक मोठं बटण काढलं. शिवताना आम्ही टाचण्या ओठांत धरतो, तेव्हा बोलता येत नाही, तुम्ही हे धरा, म्हणाली. आणि एवढा मोठा डेपोचा आवाज दाराच्या टेबलावर ओठांत बटण धरून बसू लागला. तो विसरून वाचायला लागला की बटण टेबलावर टक्कन पडायचं आणि सगळी खोली हसायची. आधी त्याला ते झोंबायचं. पुढं तोही हसायला लागला.

एकेका ओळीनंतर बाई त्याला डोळे मिटायला लावायच्या. कोण आहे तिथं? कुठं आहे? काय करतोय? सुरुवातीला तो म्हणायचा, काही दिसत नाही, काळोख आहे. बाई म्हणायच्या, असू दे, पुन्हा जा. दोन शब्द माहीत असतील तर त्यांना धरून तिसऱ्याकडे जा. शिंपीण शेजारून प्रत्येक ओळीला "मग?" म्हणायची, लहान मुलं गोष्ट ऐकताना म्हणतात तसं, आणि त्या एका शब्दानं तिनं त्याला जितकं ढकललं तितकं बाईंनीही ढकललं नसेल. काळोखात हळूहळू काही दिसायला लागलं. एक दिवस खुर्ची दिसली. एक दिवस खुर्चीवर माणूस. आपल्या घरी कुणी जन्माला आल्यासारखा तो ते सांगायचा.

आणि मग ती संध्याकाळ आली, जेव्हा बटण पडलं पण घोषणा निसटली नाही. गोष्ट एका पहारेकऱ्याची होती. तो दिवा मालवतो, दार लावतो आणि त्याच दिव्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचत बसतो. बटण टक्कन वाजलं, सगळे सवयीनं हसले, बाई त्याला दटावायला वळल्या, आणि पाहतात तर रेडिओचं तोंड नुसतं उघडं राहिलेलं. मान वर झालेली. तो समोरच्या गठ्ठ्यांकडे पाहत होता.

"अंधार आहे तिथं," तो म्हणाला. "बाई, त्याला दिसेल कसं?"

हजारांनी मुलं शिकवली होती बाईंनी, पण एवढ्या वयाच्या, एवढ्या लौकिकाच्या माणसाला त्या पहिल्यांदा जागं होताना पाहत होत्या. त्यांना एकदम वडिलांची आठवण झाली.

तिथून तो पंख्याखाली सरकला, आणि परीक्षेच्या आधी बाईंनी त्याला पुन्हा खिडकीच्या टेबलावर बसवलं. आता तो भराभर वाचत नव्हता. कधी कधी एका परिच्छेदावर सबंध वर्ग सरायचा. पण जेवढं वाचायचा तेवढं त्याचं असायचं.

परीक्षेत उतारा मोठ्यानंही वाचायला लावणार होते. म्हणून आदल्या दिवशी बाईंनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि स्वतः लिहिलेला एक उतारा सगळ्यांना वाटला. परीक्षेसारखाच, म्हणून त्यात खडा नव्हता. गोष्ट साधी होती. एक म्हातारा आपल्या नातवाला भेटायला निघालाय. बस स्थानकाच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसलाय. गाडीची वाट बघतोय. घोषणा होते की गाडी रद्द झाली आहे. ती त्याला न येणाऱ्या भाषेत होते. तो ती नीट कान देऊन ऐकतो आणि बसून राहतो.

कितीतरी दिवसांनी तो आवाज त्या खोलीत पुन्हा घुमला. सगळ्यांनी कागद खाली ठेवले. ग्रंथपाल परत जिन्यात येऊन उभा राहिला. रेडिओ घोषणेच्या वाक्याशी आला, ते त्यानं वाचलं, पुढचं वाचलं, आणि 'बसून राहतो' यापाशी आवाज तुटला.

कुणाला काही कळेना. सगळे आपापल्या कागदावर खडा शोधायला लागले. ड्रायव्हरनं बाईंना खुणेनं विचारलं, बाईंनी मान हलवली. तिथं खडा नव्हता. त्या स्वतः लिहून आल्या होत्या, तिथं काहीही खोटं नव्हतं.

"ते घोषणेचं वाक्य मी रोज म्हणायचो," रेडिओ म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की पुढचं ऐकायला सगळे वाकले. "शब्द न् शब्द हेच. धुकं पडलं की रोज. माणसं खोलीच्या दाराशी येऊन विचारायची, आमच्या गाडीचं काय म्हणालात? मी परत वाचून दाखवायचो. एक आजोबा होते, त्यांच्याकडे असाच डबा होता. त्यांना म्हणालो, बसा."

शिंपिणीनं डोळ्याला पदर लावला. इतकी वर्षं बाईंना वाटत आलं होतं की खोटं ओळखता आलं म्हणजे वाचता आलं. कागदावर जे खरं आहे त्यापाशीही माणूस असा अडखळतो, हे त्यांच्या वर्गात आजवर कधी झालं नव्हतं, की झालं होतं आणि त्यांना ऐकू आलं नव्हतं? त्या माणसाला धीर द्यावा की त्याला नमस्कार करावा हे त्यांना कळेना. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि उरलेला उतारा मनात वाचून संपवायला सांगितलं. त्यानं संपवला.

परीक्षेचं त्यानं मागाहून येऊन सांगितलं. साहेब तीन होते, त्याचं वाचन ऐकायला मुद्दाम सरसावून बसलेले. हा थांबत थांबत वाचतोय म्हटल्यावर त्यांची निराशा झाली. एकानं तर घसा बसलाय का म्हणून विचारलं. मग त्यांनी प्रश्न विचारले, आणि त्यानं एकेका प्रश्नाचं उत्तर कागदाकडे न बघता दिलं. खिडकी त्याचीच राहिली. तो हे सांगत असताना ड्रायव्हरनं त्याला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून खाली बसला.

त्यानंतर काही दिवसांनी बाई डेपोत गेल्या. त्यांना कुठंही जायचं नव्हतं. जन्मभर त्यांनी माणसांना वाचताना पाहिलं ते खोलीत, आपणच लिहिलेल्या कागदांवर. बाहेर, कुणी न सांगता, कामापुरतं वाचणारा आपला विद्यार्थी त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्या चौकशीच्या रांगेत मागं उभ्या राहिल्या. बाहेर धुकं होतं आणि स्थानक माणसांनी भरलं होतं. यंत्रातून कुठलीशी इंग्रजी घोषणा झाली, आणि बाकावरची अर्धी माणसं वर बघून पुन्हा खाली बघू लागली.

रांगेत पुढं एक आजी होती, बगलेत गाठोडं. तिनं फलाटावर वाटलेला एक छापील इंग्रजी कागद खिडकीतून आत सरकवला. मागची माणसं गप्प झाली, कारण रेडिओ आता वाचणार आणि त्याचा आवाज ऐकायला मिळणार हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं.

रेडिओनं कागद उजेडात धरला. त्याचे ओठ मिटलेले होते. ओठांत बटण नव्हतं, तरी मिटलेले होते. डोळे ओळीवरून गेले, मागं आले, परत गेले. मग त्याची मान वर झाली आणि त्यानं काचेतून त्या आजीकडे पाहिलं.

बाई टाचा उंचावून बघू लागल्या.

"आजी, तुमची गाडी आज येणार नाही," रेडिओ म्हणाला. "इथं बसून राहू नका. उद्या सकाळी या, मी स्वतः बसवून देतो."

आजीनं कागद परत घेतला, गाठोडं सावरलं आणि ती चालू लागली. रांग एक पाऊल पुढं सरकली. बाई मात्र तिथंच उभ्या राहिल्या, मागच्या माणसानं दोनदा म्हटलं तरी, की अहो, सरका ना पुढं.